तळघरातलं एक वाक्य

1943 साल. जर्मनीत, न्यूरेंबर्गजवळच्या हेर्त्सोगेनाउराख नावाच्या छोट्या गावात हवाई हल्ल्याचा इशारा झाला. रूडॉल्फ डासलर बायकोमुलांना घेऊन आधीच आसऱ्याच्या तळघरात येऊन बसला होता. मागून त्याचा धाकटा भाऊ आडॉल्फ आणि भावजय केटे आत शिरली. शिरता शिरता आडॉल्फ वैतागून म्हणाला, “आले परत हे हलकट!”

आडॉल्फ बोलत होता दोस्तराष्ट्रांच्या विमानांबद्दल. रूडॉल्फला वाटलं, हे आपल्याला आणि आपल्या बायकोमुलांना उद्देशून आहे. नंतर कितीही समजावलं तरी त्याच्या मनातून ते गेलं नाही, असं सांगतात. पाच वर्षांनी भावांनी कारखाना वाटून घेतला. धाकट्याच्या वाट्याचा झाला ‘आदिदास’ आणि थोरल्याच्या वाट्याचा ‘प्यूमा’.

ही गोष्ट तोंडोतोंडी आलेली आहे. त्या तळघरात कुणी वही-पेन्सिल घेऊन बसलं नव्हतं, त्यामुळे नेमके शब्द प्रत्येकजण थोडे वेगळे सांगतो. भावांच्या फुटीची इतर कारणंही सांगितली जातात: पैशाची, राजकारणाची, बायकांची. एका वाक्याने एवढा कारखाना दुभंगला, असं मीही म्हणणार नाही. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. ही हकिकत ऐकणाऱ्याला ती लगेच पटते. “असं कसं होईल?” असं कुणी विचारत नाही. उलट प्रत्येकाला आपल्या घरातलं एखादं लग्न, एखादी दिवाळी, वास्तुशांतीची एखादी पंगत आठवते.

तेव्हा ते वाक्य थोडा वेळ बाजूला ठेवू आणि ते ज्या घरात पडलं त्या घराकडे आधी बघू.

मराठी वाचकाला हे घर ओळखीचं वाटेल. वडील क्रिस्टोफ चपलाबुटांच्या कारखान्यात कामाला. आई पाउलिना घरीच लोकांचे कपडे धुऊन द्यायची. पहिल्या महायुद्धानंतर आडॉल्फने, म्हणजे घरच्यांच्या आडीने, आईच्या त्याच धुण्याच्या खोलीत बूट शिवायला सुरुवात केली. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून त्याने सायकलचे पेडल मारून चालणारं यंत्र जोडलं होतं. थोरला रूडी त्याला येऊन मिळाला आणि 1924 मध्ये ‘डासलर बंधू’ या नावाने कारखाना उभा राहिला. आडी अबोल, दिवसभर कातडं, खिळे आणि शिलाई यांत रमलेला. रूडी बोलका, मोठ्या आवाजाचा, माल खपवणारा. अशी जोडी धंद्याला फार मानवते. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदकं जिंकली, तेव्हा त्याच्या पायात डासलरांचे खिळ्यांचे बूट होते. त्याच्या तीन वर्षं आधी, 1933 मध्ये, दोघे भाऊ नाझी पक्षाचे सभासद झाले होते. हेही त्याच घरातलं.

धंदा वाढला तसा बंगला झाला. एकाच छताखाली आईवडील, दोन भाऊ, दोन सुना आणि मुलं. थोरली जाऊ फ्रीडल घरात आधीपासून रुळलेली. धाकटी केटे 1934 मध्ये लग्न करून आली. ती पिर्मासेन्स या बूट बनवणाऱ्या गावातल्या, बुटांचंच तंत्र शिकवणाऱ्या शिक्षकाची मुलगी. तिला धंद्यातलं कळत होतं आणि जे कळायचं ते ती बोलून दाखवायची. सासरी तिचं फारसं कुणाशी जमलं नाही. कारखान्याच्या कामात ती लक्ष घालते, हे रूडीला खुपायचं.

मग युद्ध आलं. आडीला सैन्यात बोलावणं आलं, पण कारखान्याला त्याची गरज आहे म्हणून काही महिन्यांत त्याची सुटका झाली. 1943 मध्ये रूडीला बोलावणं आलं, तेव्हा मात्र सुटका झाली नाही. त्याची रवानगी पोलंडमध्ये झाली. हे आपल्या भावाने आणि भावजयीने घडवून आणलं, अशी त्याची खात्री होती. कारखाना बंद पाडायला मी मागेपुढे बघणार नाही, असं त्याने आडीला पत्रातून कळवलं.

त्याच वर्षातलं ते तळघर आहे. ‘आले परत हे हलकट’ या चार शब्दांत कर्ता कोण, हे आडीने सांगितलंच नाही. सांगायची त्याला गरजही वाटली नाही, कारण त्याच्या डोक्यावर विमानं घोंघावत होती. रूडीच्या डोक्यावरही तीच विमानं होती. पण तो दाराकडे बघत बसला होता.

*

आपण बोलतो त्यापेक्षा समोरचा बरंच जास्त ऐकतो, हे सर्वांना ठाऊक असतं. ते ‘जास्त’ कुठून येतं याचा पद्धतशीर विचार ब्रिटिश तत्त्ववेत्ता पॉल ग्राइस याने 1967 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या व्याख्यानांत मांडला. त्याचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी एका विद्यार्थ्याबद्दल प्राध्यापकाचं शिफारसपत्र येतं. त्यात एवढंच लिहिलेलं असतं, की मुलाचं इंग्रजी उत्तम आहे आणि तो वर्गाला नियमित येतो. पत्रात एकही वाईट शब्द नाही, तरी मुलाला नोकरी मिळणार नाही. आपल्याकडे स्थळ बघून आलेले काका “मुलाचं अक्षर छान आहे हो” एवढंच म्हणून पाणी मागतात, तेव्हाही घरातल्यांना पुढचं विचारावं लागत नाही.

ग्राइसचं म्हणणं असं, की समोरचा माणूस प्रसंगाला धरून, लागेल तेवढं आणि कामाचं बोलतो आहे हे आपण गृहीत धरतो. बोलण्यात काही कमी-जास्त दिसलं, की त्यामागे हेतू असणार असं समजून तो हेतू आपण शोधायला लागतो. संभाषण चालतं ते याच सवयीवर. ती नसती तर “मीठ आहे का?” या प्रश्नाला लोक नुसतं “आहे” म्हणून जेवत राहिले असते. पण हीच सवय माणसाला नसलेला हेतूही शोधून देते. आणि शोधण्यासाठी तो जातो कुठे? बोलणाऱ्याच्या मनात त्याला शिरता येत नाही. त्याच्याजवळ असते ती त्या माणसाशी झालेल्या आजवरच्या व्यवहाराची खातेवही, तीच तो उघडतो. रूडीने उघडली, तेव्हा तिथे सैन्याचं बोलावणं होतं, भावजयीची नाराजी होती आणि धाकट्याची झालेली सुटका होती. विमानांची नोंद तिथे असायचं कारणच नव्हतं.

इथे एक अडचण उभी राहते. जवळच्या माणसाची खातेवही जाडजूड असते. मग त्याचं बोलणं आपल्याला परक्यापेक्षा जास्त बरोबर समजायला हवं. आपली समजूतही तीच असते: “तीस वर्षांचा संसार आहे, नुसत्या खाकरण्यावरून कळतं मला.”

केनेथ सावित्स्की, बोआझ कीसार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये ही समजूत तपासलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका प्रयोगात 24 विवाहित जोडपी होती. माणसं एकमेकांकडे पाठ करून बसली. एकाने दोन-तीन अर्थ निघतील असं रोजच्या बोलण्यातलं वाक्य म्हणायचं, दुसऱ्याने नेमका अर्थ ओळखायचा. कधी समोर आपला जोडीदार, तर कधी अनोळखी माणूस. जोडीदाराला आपलं बोलणं नक्की कळलं असेल, याची बोलणाऱ्यांना मोठी खात्री होती. प्रत्यक्षात जोडीदार काही अनोळखी माणसांच्या पुढे गेले नाहीत. म्हणजे जवळिकीने वाढली ती नुसती खात्री.

कारण समजायला सोपं आहे. परक्याशी बोलताना आपण सावध असतो. कुणाबद्दल बोलतोय ते सांगतो, आवाज जपतो, “म्हणजे मला असं म्हणायचं आहे” हे शेपूट जोडतो. घरात यातलं काही करत नाही. बँकेतल्या कारकुनाशी आपण जितकं स्पष्ट बोलतो, तितकं सख्ख्या भावाशी बोलत नाही. घर ही न समजावता बोलायची जागा आहे, म्हणून तर तिथे बरं वाटतं. आणि म्हणूनच तिथे कर्ता नसलेली वाक्यं सर्वांत जास्त बोलली जातात.

फोनवरच्या लिखाणाने यात भर घातली. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये ई-मेलवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपलं वाक्य उपरोधाचं आहे की सरळ, हे वाचणाऱ्याला 78 टक्के वेळा कळेल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. कळलं 56 टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरं. तीच वाक्यं आवाजातून ऐकवली, तेव्हा अंदाज आणि निकाल जवळजवळ जुळले. लिहिणारा आपलं वाक्य स्वतःच्या आवाजात ऐकत असतो आणि तो आवाज सोबत जात नाही, याचा त्याला पत्ता नसतो. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नणंदेने सहलीचे फोटो टाकावेत, सोळा जणांनी हार-फुलं वाहावीत आणि धाकट्या वहिनीने नुसतं “छान.” लिहावं. त्या पूर्णविरामावर पुढे दोन घरांत तासभर चर्चा होते.

*

आता हेर्त्सोगेनाउराखमध्ये पुढे काय झालं ते बघू. एकदा तळघरातल्या वाक्याचा अर्थ ठरून गेल्यावर नंतरची प्रत्येक घटना त्याचा पुरावा होत गेली.

युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याने रूडीला पकडून सुमारे वर्षभर छावणीत ठेवलं. आपल्याविरुद्ध चुगली भावानेच केली, असा त्याला संशय होता. नाझी राजवटीशी कुणाचा किती संबंध होता याच्या चौकशा सुरू झाल्या आणि आडीची पाळी आली, तेव्हा रूडीने त्याच्याविरुद्ध माहिती दिली. केटेने लेखी जबाब देऊन दिराचं म्हणणं खोडून काढलं. एका बंगल्यात राहणारी माणसं सरकारी कागदांवरून एकमेकांशी बोलू लागली होती.

1948 मध्ये वाटणी झाली. यंत्रं, पेटंटं, माल यांबरोबर माणसंही वाटली गेली. कामगारांनी कुणाकडे जायचं ते आपापलं ठरवलं. बूट घडवणारे बहुतेक आडीकडे राहिले, विकणारे बहुतेक रूडीबरोबर गेले. आउराख नदीच्या एका काठाला एक कारखाना, दुसऱ्या काठाला दुसरा. गावही वाटलं गेलं: बेकऱ्या वेगळ्या, खाटीक वेगळे, बिअरचे गुत्ते वेगळे, फुटबॉलचे क्लब वेगळे. बोलायला सुरुवात करण्याआधी लोक समोरच्याच्या पायातले बूट बघत, म्हणून या गावाला ‘खाली मान घातलेल्यांचं गाव’ असं नाव पडलं. रूडी 1974 मध्ये वारला, आडी 1978 मध्ये. दोघांना एकाच दफनभूमीत, एकमेकांपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं लांब पुरलं आहे. 2009 मध्ये दोन्ही कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी एकत्र फुटबॉलचा सामना खेळून समेटाची खूण केली. तोवर दोन्हीकडच्या घराण्यांच्या हातात कंपन्यांची मालकी उरलेली नव्हती, त्यामुळे हा समेट बराच सोपा होता, हे माझं आपलं एक निरीक्षण.

एवढी वर्षं हे टिकलं कसं? रॉय बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांसह 1990 मध्ये एक साधा पण डोळे उघडणारा अभ्यास प्रसिद्ध केला. 63 जणांना प्रत्येकी दोन खऱ्या हकिकती लिहायला सांगितल्या. एक, तुम्हाला कुणीतरी दुखावलं त्याची. दुसरी, तुम्ही कुणाला दुखावलं त्याची. माणसं तीच होती, पण हकिकती दोन निराळ्या जातींच्या निघाल्या. दुखावणारा लिहितो तेव्हा घटना एकच असते, तिला काहीतरी समजण्यासारखं कारण असतं आणि ती केव्हाच संपलेली असते. दुखावलेला लिहितो तेव्हा ती घटना मालिकेतली शेवटची असते, तिला काही कारणच नसतं आणि तिचे परिणाम अजून चालू असतात.

“एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस?” आणि “ही काय पहिली वेळ आहे का?” ही दोन वाक्यं आपल्या घरांत एकापाठोपाठ एक येतात, त्याचं कारण हे आहे. दोघांपैकी कुणी लबाडी करत नसतं. एक जण एका दिवसाबद्दल बोलतो, दुसरी दहा वर्षांबद्दल. काही वर्षांनी आर्लीन स्टिलवेल आणि बाउमाइस्टर यांनी आणखी एक प्रयोग केला. लोकांना एकच गोष्ट वाचायला दिली आणि त्यातल्या दुखावणाऱ्याच्या किंवा दुखावलेल्याच्या भूमिकेत शिरून ती पुन्हा सांगायला लावली. गोष्ट काल्पनिक, इजा कुणालाच झालेली नाही, तरी दोन्ही बाजूंनी तपशील गाळले आणि बदलले, आणि तेही जवळजवळ सारख्याच प्रमाणात. दुखावलेला तेवढा खरं सांगतो, अशी आपली एक भाबडी समजूत असते. ती इथे टिकत नाही.

*

याचा सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत देखणा दाखला आपल्या सभापर्वात आहे.

मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला आणि द्रौपदी हसून म्हणाली, “आंधळ्याचा मुलगा आंधळा.” हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. कीर्तनांत, नाटकांत, दूरदर्शनच्या मालिकेत हेच आलं. कौरव-पांडवांच्या एवढ्या मोठ्या संहाराचं खापर एका बाईच्या जिभेवर फोडण्याची सोय त्यात आहे, त्यामुळे ते लोकप्रिय होणं स्वाभाविकच. पण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तिचं काम 1966 मध्ये पुरं झालं. त्या आवृत्तीत द्रौपदीच्या तोंडी हे वाक्य नाही. त्यातल्या सभापर्वाचे संपादक होते फ्रँकलिन एजर्टन नावाचे अमेरिकी संस्कृतज्ञ.

मग आहे काय? निवेदक जेव्हा घटना सांगतो, तेव्हा दुर्योधन स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून वस्त्र सावरतो आणि नंतर पाण्याला जमीन समजून त्यात पडतो. भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि सेवक हसतात. त्याला कोरडे कपडे दिले जातात. द्रौपदीचं नाव नाही. पुढे हस्तिनापुरात येऊन दुर्योधन हीच घटना बापाला सांगतो, तेव्हा मात्र हसणाऱ्यांत कृष्ण येतो आणि आपल्या सख्यांसह द्रौपदीही येते. एकाच पर्वात, काही अध्यायांच्या अंतराने, एकाच प्रसंगाच्या दोन हकिकती. एक तिऱ्हाइताची, एक दुखावलेल्याची. आणि दुसरीत हसणाऱ्यांची संख्या वाढलेली!

प्रचलित पाठात दुर्योधन आणखी एक गोष्ट सांगतो. भीमाने हसत हसत आपल्याला ‘धृतराष्ट्रपुत्रा’ अशी हाक मारून दार दाखवलं, अशी. बापाच्या नावाने हाक मारणं ही महाभारतातली रोजची रीत. पार्थ, कौंतेय, पांडव, सगळे आईबापांच्याच नावाने ओळखले जातात. पण ज्याला नुकतंच दार दिसलं नाही, त्याला आंधळ्या बापाच्या नावाने हाक मारली, तर ती साधी हाक राहते का? भीमाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, “मग काय म्हणायचं त्याला?” तोंडोतोंडी फिरणाऱ्या कथेतला तो जहरी टोमणा या हाकेतूनच वाढला असावा, असं मला वाटतं. आणि दुर्योधनाची खातेवही रिकामी नव्हतीच. तो राजसूय यज्ञाला आलेले नजराणे स्वीकारायच्या कामावर होता. चुलतभावांकडे आलेली संपत्ती मोजता मोजता त्याचे हात थकले होते. पाण्यात तो नंतर पडला.

*

इथवर आपण असं धरून चाललो, की बोलणारा निर्दोष आहे आणि ऐकणाऱ्याचा घोटाळा झाला. घरातल्या भांडणांत तेवढं सरळ नसतं.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी 1978 मध्ये सभ्य बोलण्याबद्दल एक सिद्धान्त मांडला. त्यासाठी त्यांनी इंग्रजीबरोबर मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि आपल्या शेजारची तमिळ या भाषांतलं बोलणं तपासलं होतं. अवघड गोष्ट बोलण्याच्या पद्धतींत एक पद्धत अशी असते, की जे म्हणायचं ते म्हणायचं, पण कुणी पकडलं तर “मी तसं कुठे म्हणाले?” असं म्हणायला वाट ठेवायची. ज्याच्या हाती सत्ता कमी, त्याला ही वाट फार मोलाची.

मराठी घराने या पद्धतीची कला केली आहे. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण नुसती म्हण नाही, घर चालवण्याची रीत आहे. सासूने सुनेला थेट बोलायचं नाही. लेकीला बोलायचं, सुनेने समजायचं. सुनेनेही उलट बोलायचं नाही. ती पहाटे जात्यावर बसून ओवीत सासुरवास सांगायची, ऐकायला समोर फक्त जातं. घरातल्या ज्यांनी ऐकायचं ते पांघरुणात ऐकायचेच. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. भोंडल्याच्या गाण्यांत सासरच्या सगळ्यांची यथेच्छ टिंगल करायला परवानगी असते. फेर संपला, खिरापत वाटली, की कुणी काही बोललेलंच नसतं.

अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला “मी सहज बोलले” हे वाक्य कसं पटावं? त्याने आयुष्यभर पाहिलेलं असतं, की मर्मावर लागणारं सगळं सहजच बोललेलं असतं. मुद्दाम मारलेला टोमणा आणि खरोखर निरागस वाक्य यांचे कपडे इथे एकसारखे असतात. गावी राहून आईवडिलांचं करणारा थोरला भाऊ गणपतीला आलेल्या धाकट्याला म्हणतो, “तुमचं बरं आहे, तुम्ही पुण्यात.” यात कौतुक असू शकतं, थकवा असू शकतो, हेवा असू शकतो, हिशेब असू शकतो. चारही एकदम असू शकतात. थोरल्याला स्वतःला विचारलं तर तोही एकच निवडू शकणार नाही. मग धाकट्याची बायको परतीच्या प्रवासात खंडाळ्याच्या घाटापर्यंत गप्प राहते आणि घाटात म्हणते, “ऐकलंत ना भाऊजी काय म्हणाले?” तिने लावलेला अर्थ चुकीचाच आहे, असं छातीठोक म्हणायला माझ्याजवळ आधार नाही.

म्हणून ‘तुझा गैरसमज झाला’ हे उत्तर निकामी ठरतं. त्यात चूक सरळ ऐकणाऱ्याच्या पदरात टाकलेली असते. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ हे त्याहून वाईट, कारण त्यातला ‘तर’ पुन्हा शंका घेतो. दोन्ही उत्तरं त्या वाक्यापुरती असतात, आणि तक्रार वाक्यापुरती नसतेच. रूडीला हवा असलेला खुलासा विमानांबद्दलचा नव्हता. मला सैन्यात पाठवण्यात तुझा हात होता की नव्हता, हा त्याचा प्रश्न होता. धाकट्या भावाने “अरे, मी पण किती दगदगीत असतो” असं पटवण्यापेक्षा “दादा, आईच्या औषधांचं आणि रात्री उठण्याचं तू एकटाच बघतोस” एवढं म्हटलं, तर ‘तुमचं बरं आहे’चा अर्थ काय होता हा वाद बहुधा होणारच नाही.

संशोधनातून एक आणखी छोटी वाट निघाली आहे. इलाय फिंकेल आणि सहकाऱ्यांनी शिकागो परिसरातल्या 120 जोडप्यांचा दोन वर्षं पाठपुरावा केला आणि 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षी सगळ्यांचंच एकमेकांबद्दलचं समाधान थोडं थोडं घसरत गेलं, संसारात घसरतं तसं. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना दर चार महिन्यांनी सात मिनिटांचं लिखाण दिलं. अलीकडे झालेलं एक भांडण, दोघांचंही भलं चिंतणाऱ्या एखाद्या तटस्थ माणसाला कसं दिसलं असतं ते लिहायचं. वर्षाला एकूण 21 मिनिटं. या जोडप्यांची घसरण थांबली, बाकीच्यांची चालू राहिली. भांडणं दोन्हीकडे तेवढीच होत होती आणि तेवढ्याच गंभीर विषयांवर होत होती. लिहिणाऱ्यांना ती कमी लागत होती, इतकंच.

प्रयोगात तो तटस्थ माणूस कल्पनेतला होता, ही त्याची मोठी सोय. आपल्याकडे असं काही झालं, की खऱ्या माणसाला बोलावतात आणि बहुतेक वेळा ती आत्या असते. आत्या दोन्ही भावांची बहीण, तेव्हा ती समतोल बोलेल, असा हिशेब असतो. तिच्या स्वतःच्या नोंदी कुणी विचारात घेत नाही. डासलरांकडेही आत्या होती, मारी नावाची. युद्धाच्या काळात तिने आपल्या दोन मुलांना कारखान्यात कामावर घ्यावं म्हणून रूडीला विचारलं होतं, कारण कारखान्यात असती तर ती कदाचित आघाडीवर जाण्यातून वाचली असती. रूडीने नकार दिला. घरच्या माणसांच्या कटकटी कारखान्यात आधीच पुष्कळ आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. तेही बहुधा त्याने सहजच म्हटलं असेल. मुलं सैन्यात गेली आणि परत आली नाहीत. 1948 च्या वाटणीत आई पाउलिना रूडीकडे राहायला गेली आणि मारी आडीकडे.